दोन बंदरं, तीन कायदे

हाँगकाँगच्या वेस्ट कौलून रेल्वे स्थानकात एक सीमा इमारतीच्या पोटातून जाते. स्थानक भर शहरात आहे. चीनच्या मुख्य भूमीची जमिनीवरची हद्द तिथून बरीच लांब, कारण अतिवेगवान रेल्वेचा हाँगकाँगमधला मार्गच २६ किलोमीटरचा आहे. तरीही २३ सप्टेंबर २०१८पासून, म्हणजे हे स्थानक सुरू झाल्यापासून, प्रवाशाने हाँगकाँगचा इमिग्रेशन काउंटर ओलांडला की त्याच छताखाली काही पावलांवर तो मुख्य भूमीच्या कायद्याखाली येतो. पुढचे अधिकारी मुख्य भूमीचे, तपासणी त्यांची, आणि गाडीच्या डब्यातही कायदा त्यांचाच, गाडी हाँगकाँगच्या जमिनीखालून धावत असली तरी. तिकीट काढताना हद्दीपलीकडच्या शहराबद्दल ‘शेन्झेन, अवघ्या काही मिनिटांत’ एवढंच डोळ्यांत भरतं. ज्याच्या पासपोर्टवर चीनचा व्हिसा नाही अशा भारतीय पर्यटकासाठी मात्र ती काही मिनिटं वापरता येण्यासारखी नसतात, आणि हे त्याला कुणी आधी सांगितलेलं नसतं.

हाँगकाँग आणि मकाऊच्या सहलीबद्दल जे सल्ले आपल्याकडे तोंडी आणि छापील फिरतात, त्यांत डिस्नेलँड कुठल्या वारी करावं, व्हिक्टोरिया पीकची ट्राम किती वाजता गाठावी, इलेक्ट्रॉनिक वस्तू कुठे घ्याव्यात, भारतीय जेवण कुठे मिळतं, असा मजकूर असतो. तो उपयोगी आहे. पण त्यात फक्त ‘काय करावं’ असतं, ‘का’ नसतं; आणि कारण माहीत नसलं की यादीबाहेरचा प्रसंग आल्यावर माणूस अडतो. या दोन ठिकाणी पर्यटकाच्या बहुतेक अडचणी एकाच गैरसमजातून येतात, असं माझं मत आहे. तो गैरसमज म्हणजे नकाशावर हा सगळा चीन आहे, तेव्हा एकदा आत शिरलं की शिरलं. प्रत्यक्षात पर्ल नदीच्या मुखाशी काही तासांच्या प्रवासात तीन वेगवेगळे अंमल आहेत. तिघांचं इमिग्रेशन वेगळं, जकात वेगळी, चलन वेगळं, न्यायालयं आणि दंडसंहिता वेगळी. हे एकदा मनात ठसलं की व्हिसापासून खिशातल्या सुट्या नाण्यांपर्यंतचे सल्ले माणसाला स्वतःलाच सुचू लागतात.

हे असं का झालं, हे थोडक्यात पाहायला हवं. पहिलं अफूयुद्ध संपवणाऱ्या १८४२च्या नानकिंग तहाने हाँगकाँग बेट ब्रिटनच्या हाती गेलं. ज्या अफूच्या व्यापारातून ते युद्ध पेटलं, त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजावर चढत होती, तेव्हा या कहाणीशी आपला संबंध पहिल्या पानापासूनच आहे. १८६०मध्ये कौलून द्वीपकल्पाचं टोक आणि १८९८मध्ये त्यामागचा मोठा मुलूख ९९ वर्षांच्या पट्ट्याने ब्रिटनला मिळाला. तो पट्टा संपत आला तेव्हा १९८४च्या संयुक्त जाहीरनाम्यात ठरलं की १ जुलै १९९७ला हाँगकाँग चीनकडे परत जाईल, पण तिथली कायदेव्यवस्था, चलन आणि जकात पुढची ५० वर्षं वेगळी राहील. मकाऊचा इतिहास याहून जुना आहे. पोर्तुगीज तिथे १५५७पासून होते, आणि १८४४पर्यंत त्या वसाहतीचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता. २० डिसेंबर १९९९ला मकाऊ चीनकडे गेलं, तेही अशाच ५० वर्षांच्या हमीवर. म्हणून हाँगकाँगच्या न्यायालयात आजही इंग्रजी वळणाचा कॉमन लॉ चालतो, मकाऊत पोर्तुगीज वळणाचे कायदे आहेत, आणि मुख्य भूमीवर चीनचे स्वतःचे. हा फरक कागदापुरता नाही. अमली पदार्थांच्या तस्करीला मुख्य भूमीवर मृत्युदंड होऊ शकतो. हाँगकाँगमध्ये त्याच गुन्ह्याची कमाल शिक्षा जन्मठेप आहे. मकाऊच्या दंडसंहितेत मृत्युदंड नाही आणि जन्मठेपही नाही. ‘जरा ही बॅग पलीकडे पोहोचवता का’ अशी कुणी अनोळखी माणसाने गळ घातली, तर ती का धुडकावायची, हे समजायला एवढी माहिती पुरे आहे.

आता पासपोर्टकडे वळू, कारण खरी अडवणूक तिथे होते. भारतीयांना हाँगकाँगचा व्हिसा लागत नाही, हे वाक्य अर्धंच खरं आहे. २३ जानेवारी २०१७पासून भारतीय पासपोर्टधारकाने निघण्यापूर्वी ऑनलाइन पूर्वनोंदणी करायची असते. ती हाँगकाँगच्या इमिग्रेशन खात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर होते आणि मोफत असते. त्यासाठी पैसे मागणारा कुणीही मध्यस्थ आहे, हे ओळखावं. निकाल बहुधा लगेच कळतो. मंजुरी मिळाली की सूचनापत्र कागदावर छापून सोबत न्यायचं. ही नोंदणी सहा महिने चालते, तेवढ्या काळात अनेकदा जाता येतं, आणि प्रत्येक वेळी १४ दिवसांपर्यंत राहता येतं. नोंदणी पासपोर्टच्या क्रमांकाला बांधलेली असते. नावाचं एक अक्षर इकडचं तिकडे झालं, किंवा मधल्या काळात पासपोर्टचं नूतनीकरण झालं, तर ती निरुपयोगी ठरते आणि नव्याने करावी लागते. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधल्या नावाच्या रकान्यात, कधी पहिल्या नावाला चिकटून, तर कधी आडनावाचा रकानाच रिकामा, असे पासपोर्ट घरोघरी आहेत. म्हणून अर्ज भरताना पासपोर्ट समोर उघडा ठेवून तसंच्या तसं उतरवणं हाच खरा मार्ग. नोंदणी नामंजूर झाली तर रीतसर व्हिसासाठी अर्ज करता येतो, पण त्याला आठवडे लागतात. म्हणूनच विमानाचं परत न होणारं तिकीट काढण्यापूर्वी ही नोंदणी उरकावी. विमानतळाबाहेर न पडता तिथूनच दुसरं विमान पकडणाऱ्याला तिची गरज नसते.

या पूर्वनोंदणीमागचं कारणही ठाऊक असावं, कारण पुढचा सल्ला त्यातूनच निघतो. व्हिसाविना येऊन मुदतीनंतर राहून जाणारे आणि मायदेशी पाठवू नका असा दावा दाखल करणारे लोक वाढले, ही हाँगकाँग सरकारची चिंता होती. ज्या देशांतून असे लोक येत, त्यांत भारत होता. त्यामुळे काउंटरवरचा अधिकारी भारतीय पासपोर्ट पाहतो तेव्हा त्याच्या मनात एकच प्रश्न असतो, हा माणूस परत जाणार आहे का. मंजूर झालेली नोंदणी म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे, शेवटचा निर्णय त्याचाच. परतीचं तिकीट, हॉटेलचं आरक्षण, खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा आणि सहलीचा साधा आराखडा कागदावर हाताशी ठेवला तर त्या प्रश्नाचं उत्तर एका मिनिटात मिळतं. तो प्रश्न अपमानास्पद वाटू शकतो, आणि सगळ्यांना एकाच चाळणीतून काढणं अन्याय्य आहे, असं मलाही वाटतं. पण काउंटर ही तो वाद घालायची जागा नव्हे. तिथे पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक छोटी चिठ्ठी देतात. मुक्कामाची मुदत त्या चिठ्ठीवरच असते. हॉटेलच्या टेबलावर पडलेल्या पावत्यांबरोबर तीही कचऱ्यात जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

मकाऊचा नियम आणखी वेगळा. तिथे भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांपर्यंत व्हिसाविना, पूर्वनोंदणीशिवाय प्रवेश मिळतो. मात्र हाँगकाँगहून मकाऊला जाऊन परत येणं म्हणजे हाँगकाँगमधून बाहेर पडणं, मकाऊत शिरणं, मकाऊतून बाहेर पडणं आणि हाँगकाँगमध्ये पुन्हा शिरणं. एका दिवसाच्या फेरीतही या चारही पायऱ्या येतात, आणि शेवटच्या पायरीवर पूर्वनोंदणीचा कागद पुन्हा लागतो. तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून गेलेल्याची फजिती ठरलेली. याहून महाग पडणारी चूक चीनची मोठी सहल करणारे करतात. बीजिंग, शांघाय, मग हाँगकाँग, आणि परतीचं विमान पुन्हा ग्वांगझाऊहून, असा कार्यक्रम कागदावर छान दिसतो. पण चीनचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल, तर हाँगकाँगमध्ये पाऊल ठेवताक्षणी तो वापरून संपतो, कारण त्या व्हिसाच्या दृष्टीने तुम्ही चीनबाहेर गेलात. पुढच्या ग्वांगझाऊसाठी नवा व्हिसा हवा. असा कार्यक्रम आखायचाच असेल तर दोनदा किंवा अनेकदा प्रवेशाचा व्हिसा मागावा, नाहीतर हाँगकाँग-मकाऊ अगदी शेवटी ठेवून तिथूनच मुंबई गाठावी.

यावर पहिला आक्षेप असा की ही सगळी कटकट सहल कंपनी बघते, पर्यटकाने डोकं शिणवायचं कशाला. कंपनी खूप काही बघते हे मान्यच आहे. वयस्कर माणसांना आणि पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्यांना तो आधार मोलाचा असतो. पण कंपनी तिकीट, हॉटेल आणि बस यांची जबाबदारी घेते. काउंटरवर उभं राहिल्यावर प्रश्न ज्याचा पासपोर्ट असतो त्यालाच विचारले जातात, आणि थांबवलं गेलं तर तो एकटाच थांबतो, गट पुढे जातो. शिवाय गटातल्या प्रत्येकाचा कार्यक्रम एकच असला तरी प्रत्येकाची कागदपत्रं एकसारखी नसतात. कुणाचा पासपोर्ट सहा महिन्यांच्या आत संपत असतो, कुणाचं लग्नानंतर नाव बदललेलं असतं. या गोष्टी कंपनीच्या तक्त्यात दिसत नाहीत. स्वतःची नोंदणी स्वतः भरावी, किंवा कंपनीने भरली असेल तर तिचा प्रत्येक रकाना आपल्या पासपोर्टशी ताडून पाहावा, एवढं तरी ज्याचं त्याने करायलाच हवं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही सीमा पुसट होत चालली आहे, मग तिचं एवढं स्तोम कशाला? आक्षेपात तथ्य आहे. २४ ऑक्टोबर २०१८ला हाँगकाँग, मुख्य भूमीतलं झुहाई आणि मकाऊ यांना जोडणारा ५५ किलोमीटरचा सागरी दुवा खुला झाला, आणि समुद्रावरून बसने तासाभराच्या आत मकाऊ गाठता येऊ लागलं. सुट्टीच्या दिवशी हाँगकाँगचे लोक स्वस्त खरेदीसाठी आणि जेवणासाठी शेन्झेनला लोटतात. २०२३च्या अखेरीपासून चीनने फ्रान्स, जर्मनी अशा अनेक देशांच्या नागरिकांना व्हिसाविना येऊ द्यायला सुरुवात केली. १० जुलै २०२४पासून तर हाँगकाँग आणि मकाऊच्या बिगरचिनी कायम रहिवाशांनाही मुख्य भूमीत वारंवार जाण्यासाठी पाच वर्षांचं कार्ड मिळू लागलं, आणि त्यांत तिथे वर्षानुवर्षं राहिलेले भारतीयही येतात. पण यांतल्या प्रत्येक सवलतीचा धनी पाहिला तर लक्षात येतं की स्थानिकांसाठी आणि काही निवडक पासपोर्टांसाठी जी रेषा फिकट झाली, ती मुंबईहून आलेल्या पर्यटकासाठी पूर्वीइतकीच ठळक आहे. चीनमधून पुढे जाणाऱ्या प्रवाशांना व्हिसाविना काही दिवस थांबू देणाऱ्या सवलतीच्या यादीत भारत नाही. तेव्हा कौलूनमध्ये वीस वर्षं राहिलेला आतेभाऊ ‘अगं, शेन्झेनला काय, आम्ही दर शनिवारी जातो’ म्हणाला, तर तो खरंच सांगतो आहे. फक्त त्याचं खरं त्याच्या कार्डाला लागू आहे, तुमच्या पासपोर्टला नाही.

हा मुद्दा मराठी कुटुंबांसाठी आणखी जवळचा आहे, कारण अनेक घरांत आता दोन-तीन देशांचे पासपोर्ट एकत्र प्रवास करतात. पुण्याचे आजी-आजोबा भारतीय पासपोर्टवर, मुलगा ब्रिटिश, नातू अमेरिकन. हाँगकाँगमध्ये अमेरिकन पासपोर्टला ९० दिवस आणि ब्रिटिश नागरिकाला १८० दिवस व्हिसाविना मिळतात, आणि दोघांनाही पूर्वनोंदणी लागत नाही. साहजिकच सहल आखणारा मुलगा स्वतःचे नियम वाचतो आणि सगळ्यांची तिकिटं काढून मोकळा होतो. अडकतात ते आजी-आजोबा, तेही मुंबईच्या विमानतळावरच, कारण नोंदणी नसलेल्या प्रवाशाला विमान कंपनी चढू देत नाही. अशा कुटुंबाने नियम पासपोर्टनिहाय तपासावेत. प्रवास विम्याचंही तेच. पॉलिसीच्या देशांच्या यादीत चीन, हाँगकाँग आणि मकाऊ वेगवेगळे लिहिलेले असू शकतात, आणि हाँगकाँगच्या सरकारी रुग्णालयात परदेशी पाहुण्याकडून रहिवाशाच्या कितीतरी पट शुल्क घेतात.

सामानाच्या बाबतीत तिथली जकात आपल्या सवयींना सरळ आडवी येते. अनेक स्त्रिया पर्समध्ये पेपर स्प्रे ठेवतात. हाँगकाँगमध्ये परवान्याशिवाय तो जवळ बाळगणं शस्त्रविषयक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि विजेचा झटका देणारं छोटं यंत्रही त्याच कायद्यात येतं. एकटीने फिरणाऱ्या बाईला हा नियम खटकणं स्वाभाविक आहे, पण तो मोडून मिळणारं संकट फार मोठं आहे. सिगारेटची करमुक्त मर्यादा आहे १९. एक पाकीट २०चं असतं, म्हणजे न उघडलेलं एक पाकीटही मर्यादेबाहेर जातं. ई-सिगारेट हाँगकाँगमध्ये ३० एप्रिल २०२२पासून आणि मकाऊत त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून आणताच येत नाही. तोंडात धरायच्या तंबाखूची विक्री हाँगकाँगमध्ये कायद्याने बंद आहे, तेव्हा पुड्या घरीच सोडाव्यात. भांगेच्या झाडापासून काढलेलं सीबीडी नावाचं द्रव्य काही देशांत मलमांत आणि तेलांत सर्रास असतं. हाँगकाँगने १ फेब्रुवारी २०२३पासून त्याला धोकादायक अमली पदार्थांत टाकलं आहे. अमेरिकेहून आलेल्या भाच्याने सांधेदुखीसाठी आणलेली बाटली आजीच्या पिशवीत सापडली तर जबाब आजीला द्यावा लागेल. १,२०,००० हाँगकाँग डॉलरपेक्षा जास्त रोख असेल तर ती जाहीर करावी लागते; एवढी रोख नेऊच नये हे उत्तम.

राजकारणाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. २०१९च्या सरकारविरोधी आंदोलनांपूर्वी लिहिलेली प्रवासवर्णनं हाँगकाँगच्या रस्त्यांवरच्या मोकळ्या सभा आणि घोषणा यांचं कौतुक करतात. ते शहर आता तसं नाही. ३० जून २०२०पासून राष्ट्रीय सुरक्षा कायदा आणि मार्च २०२४पासून त्याला पूरक असा स्थानिक कायदा लागू आहे, आणि पहिल्या कायद्याच्या तरतुदी परदेशी माणसाने परदेशात केलेल्या कृत्यालाही लागू होऊ शकतात. मला हा बदल दुःखद वाटतो. ज्या शहराने कायद्याच्या राज्याचा अभिमान जपला, तिथल्या माणसांना आता बोलताना शब्द तोलावे लागतात. पर्यटकाने सभेत शिरू नये, घोषणा लिहिलेले कपडे आणि पत्रकं नेऊ नयेत, आणि टॅक्सीवाल्याला किंवा दुकानदाराला राजकीय मत विचारून पेचात टाकू नये. या शेवटच्या गोष्टीत काळजी आपल्यापेक्षा त्यांची अधिक आहे.

पैशाचा भाग सोपा आहे. हाँगकाँग डॉलर १९८३पासून अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे, एका अमेरिकी डॉलरला ७.८०च्या आसपास. नोटा तीन वेगवेगळ्या बँका छापतात, त्यामुळे एकाच किमतीच्या नोटा निरनिराळ्या दिसल्या तर त्या खोट्या समजू नयेत. मकाऊची पटाका हाँगकाँग डॉलरला बांधलेली, एका डॉलरला १.०३ पटाका. मकाऊत हाँगकाँग डॉलर सर्रास चालतात, उलट पटाका हाँगकाँगमध्ये कुणी घेत नाही. म्हणून मकाऊत सुटे पटाकामध्ये मिळाले तर ते तिथेच संपवावेत. ऑक्टोपस हे स्पर्श करून पैसे भरायचं कार्ड हाँगकाँगमध्ये रेल्वे, बस, फेरी, ट्राम, दुकानं सगळीकडे चालतं आणि विमानतळावर उतरल्याबरोबर घ्यावं, पण मकाऊच्या बसमध्ये त्याच्यावर विसंबू नये. हाँगकाँगमध्ये विक्रीकर नाही, म्हणून विमानतळावर कर परत मागण्याची खिडकीही नाही. फोनचं तंत्र पुन्हा सीमेशी येऊन भिडतं. व्हॉट्सअ‍ॅप आणि गुगलचे नकाशे हाँगकाँग-मकाऊत चालतात, मुख्य भूमीच्या स्थानिक नेटवर्कवर चालत नाहीत. म्हणून चीनचा व्हिसा असलेल्यानेही शेन्झेनला जाताना हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत कागदावर लिहून घ्यावा.

शाकाहाऱ्यांसाठी दोन शब्द जास्त लिहितो, कारण इथे भारतीय उपाहारगृह शोधत बसण्यापेक्षा चांगला मार्ग आहे. साध्या चिनी खानावळीत ‘भाजी’ मागितली तर भाजी येते, पण ती बहुधा कालवांच्या सॉसमध्ये परतलेली किंवा मांसाच्या रश्श्यात शिजवलेली असते, आणि वाढणाऱ्याच्या मनात फसवणूक नसते. ‘मांस नको’ आणि ‘शाकाहारी’ या त्याच्यासाठी दोन निराळ्या गोष्टी आहेत. मागायला हवं ते बौद्ध शाकाहारी जेवण. त्यात मांस-मासे तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. जैन कुटुंबांना ही परंपरा पुष्कळ जवळची वाटेल, मात्र त्यात बटाटा, गाजर आणि भरपूर अळंबी असतात, तेव्हा विचारून घ्यावं. लांटाऊ बेटावर ३४ मीटर उंच बुद्धमूर्तीच्या पायथ्याशी असलेल्या पो लिन मठात आणि कौलूनमधल्या चि लिन भिक्षुणीविहाराला लागून असलेल्या नान लियान बागेत असं जेवण मिळतं. दोन्ही जागा तशाही पाहण्यासारख्या आहेत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चार दिवस मजा करायला गेलेल्या माणसाला कायदे, सीमा आणि तहांचा इतिहास कशाला? आनंदावर विरजण पडेल. माझा अनुभवावर नव्हे, तिथल्या स्थळांवर आधारलेला युक्तिवाद असा की या दोन बंदरांत पाहण्यासारखं जे खरोखर अनन्य आहे, ते या सीमांनीच घडवलेलं आहे. मॉल आणि रोषणाई दुबईत आहे, सिंगापुरात आहे. कौलूनची तटबंदीची वस्ती मात्र जगात दुसरीकडे नव्हती. १८९८च्या करारात ब्रिटिश मुलुखाच्या मधोमध एक चिनी किल्ला चीनच्या अंमलात राहील असं ठरलं. पुढच्याच वर्षी ब्रिटिशांनी चिनी अधिकाऱ्यांना हुसकावलं, पण स्वतःही तिथे नीट राज्य केलं नाही. दोन सत्तांच्या फटीत जेमतेम साडेसहा एकरांवर हजारो माणसांची, एकमेकींना चिकटलेल्या इमारतींची वस्ती उभी राहिली, जिथे परवान्याविना दंतवैद्य दात काढत आणि छोटे कारखाने मासळीचे गोळे बनवत. १९९३-९४मध्ये ती पाडली गेली आणि १९९५मध्ये तिथे बाग झाली. बागेत जुन्या दक्षिण दरवाजाच्या पायाचे दगड आणि अधिकाऱ्याची कचेरी अजून आहे. ज्याला सीमा म्हणजे काय हे ठाऊक आहे त्याला ती बाग तासभर धरून ठेवते. ज्याला ठाऊक नाही, तो दहा मिनिटांत फोटो काढून बाहेर पडतो.

उत्तरेच्या हद्दीवरही हेच दिसतं. १९५१मध्ये ब्रिटिशांनी सीमेलगतचा पट्टा बंद क्षेत्र म्हणून जाहीर केला. पलीकडे शेन्झेनचे मनोरे उभे राहिले, अलीकडे खेडी, मत्स्यतळी आणि पाणथळ जमीन शिल्लक राहिली. २०१२नंतर तो पट्टा बराच आक्रसला आहे, तरी काही भागांत अजून परवाना लागतो, आणि डोंगरवाटांवर फिरणाऱ्याने पाटी पाहून पाऊल टाकावं. हाँगकाँगची सुमारे ४० टक्के जमीन संरक्षित उद्यानांत आहे, आणि सह्याद्रीत पायपीट करणाऱ्या मराठी माणसाने निदान एक दिवस त्या डोंगरांना द्यायला हवा. साई कुंगच्या किनाऱ्यावरचे षटकोनी खडकस्तंभ पाहिले की अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आठवेल. आपले बेसाल्टचे, तिथले ज्वालामुखीच्या फिकट राखेपासून थिजलेले. शहरातही मुंबईच्या खुणा आहेत. व्हिक्टोरिया बंदर ओलांडणारी स्टार फेरी मुंबईहून गेलेल्या दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थाने सुरू केलेल्या फेरीतून वाढली. हाँगकाँग विद्यापीठाच्या उभारणीला मोठी देणगी देणारे होरमसजी मोदी मुंबईचेच, आणि कौलूनमधल्या चिम शा चुईत त्यांच्या नावाचा रस्ता आहे. मकाऊत तर गोव्याची माणसं पहारा देत. तिथली ‘मूरिश बॅरक्स’ ही कमानींची देखणी इमारत १८७४मध्ये गोव्याहून आणलेल्या पलटणीसाठी बांधली गेली, आणि आज ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. सेंट जोसेफ सेमिनरीच्या चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या हाताच्या अस्थीचा अंश जपला आहे. जुन्या गोव्यातल्या शवपेटीसमोर उभ्या राहिलेल्या वाचकाला दुसरं टोक तिथे सापडेल.

जाण्याची वेळ निवडताना हवामान आणि सीमा एकत्र विचारात घ्याव्यात. दिवाळीच्या सुमाराची हवा तिथे वर्षातली सर्वांत सुखद, कोरडी आणि मोकळी. फक्त १ ऑक्टोबरपासूनच्या आठवड्यात मुख्य भूमीची मोठी सुट्टी असते आणि दोन्ही शहरं गर्दीने ओसंडतात. उन्हाळी सुट्टीत गेलात तर वादळांचा हंगाम सुरू झालेला असू शकतो, आणि तो शरद ऋतूपर्यंत रेंगाळतो. हाँगकाँगची वेधशाळा क्रमांकांनी इशारा देते. आठ क्रमांक लागला की फेऱ्या थांबतात, बस बंद होतात, दुकानं-कचेऱ्या मिटतात, आणि मकाऊहून परतण्याचा समुद्रमार्ग बंद पडतो. ऑगस्ट २०१७च्या हाटो वादळात मकाऊत दहा माणसं दगावली होती, तेव्हा इशारा मनावर न घेणं हा शूरपणा नव्हे. यातून कार्यक्रमाची एक साधी शिस्त निघते. मकाऊ सहलीच्या सुरुवातीला किंवा मध्ये ठेवावं, परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी नको.

आणि पासपोर्ट हरवला तर कुठे जायचं, हेही निघण्यापूर्वी ठाऊक असावं. भारताचा वाणिज्य दूतावास हाँगकाँगमध्ये आहे आणि मकाऊचं कामही तोच पाहतो. म्हणजे मकाऊत पासपोर्ट गेला तर मदत करणारं कार्यालय समुद्रापलीकडे, दुसऱ्या इमिग्रेशनच्या आत आहे. आधी मकाऊच्या पोलिसांत तक्रार, मग दूतावासाला फोन, आणि पुढची पावलं त्यांच्या सांगण्याप्रमाणे. पासपोर्टच्या आणि पूर्वनोंदणीच्या छायाप्रती फोनमध्ये व कागदावर, मूळ कागदांपासून वेगळ्या पिशवीत असाव्यात. शेन्झेनमध्ये हरवला तर काम ग्वांगझाऊच्या वाणिज्य दूतावासाचं, आणि नव्या कागदावर मुख्य भूमीतून बाहेर पडण्यासाठी तिथल्या पोलीस खात्याचा वेगळा परवाना लागतो. तोवर हाँगकाँगची जुन्या पासपोर्टवरची नोंदणी बाद झालेली असते, म्हणून परतीचं विमान हाँगकाँगहून असेल तर विमान कंपनीला त्याच दिवशी कळवावं.